रणगाड्यातले बाकीचे तिघे

सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपालांनी एकट्याने पाकिस्तानी रणगाडे उडवले, असं बरेचदा लिहिलं जातं. त्यांच्या शौर्याबद्दल वादच नाही. १६ डिसेंबर १९७१, भारत-पाक युद्धातली बसंतरची लढाई, वय अवघं २१, मरणोत्तर परमवीरचक्र. पण त्यांचा सेंच्युरियन रणगाडा एकट्याने चालत नाही हो. कमांडर, चालक, तोफची आणि लोडर, अशी चार माणसं लागतात. 'फामागुस्ता' या त्यांच्या रणगाड्यावर खेतरपालांसोबत प्रयाग सिंग, नथू सिंग आणि नंद सिंग होते. त्यातले लोडर, सवार (रणगाडा दलातले शिपाई) नंद सिंगही त्याच दिवशी गेले. लोडर म्हणजे तापलेल्या, धुराने भरलेल्या लोखंडी डब्यात जड गोळे उचलून तोफेत भरायचे आणि वायरलेसही सांभाळायचा. तो थांबला की तोफ मुकी.

आम्हा सोलापूरकरांना हे चटकन पटावं. चार हुतात्मा चौकात आपण एकाचं नाव घेऊन थांबत नाही. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, शिंदे, चौघंही एका दमात येतात (शाळेत पाठच करून घेतलं होतं म्हणा). १२ जानेवारीला, १९३१ साली इंग्रजांनी त्यांना फाशी दिलं त्या दिवशी, जशी ही चार नावं घेतो, तशी १६ डिसेंबरला खेतरपालांच्या जोडीने नंद सिंगांचं नाव घ्यायला काय हरकत आहे? मी तरी यंदापासून घेणार.