विषय: कामावरून आल्यावर रात्रीचं जेवण

नमस्कार मंडळी,

मी मूळची परभणीची, आता तुमच्यासारखीच गावापासून दूर. लेकरू पाच वर्षांचं आहे, आम्ही दोघंही नोकरीला. पाळणाघरातून त्याला घेऊन घरात पाय ठेवेपर्यंत सव्वासहा होतात आणि साडेआठला तो झोपायला लागतो. पोळी, भाजी, वरण, भात उरकता उरकता रोज आठ वाजतात. मग घाईघाईत चार घास त्याच्या तोंडात कोंबायचे. आठवड्यातून तीनदा बाहेरचंच येतं आणि ते मनाला फार लागतं. तुम्ही सगळे कसं निभावता?

— परभणीची लेक

*

लेकी,

मी तिकडून लातूरला परतले तरी आपल्या मराठी मंडळाच्या मेल अजून वाचते. इथेही बँकेतून सुटून घरी पोचायला साडेसहा होतात, त्यामुळे तुझी धावपळ मला नवी नाही.

मला वाटतं, तू रोजच्या दिवशी पाहुण्यांचं ताट मांडतेयस. माझी आजी औसा तालुक्यात दिवसभर खुरपायला जायची. दिवस मावळता घरी आली की चूल पेटायची, तव्यावर भाकरी आणि वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, एकच कोरड्यास, म्हणजे भाकरीसोबतचं कालवण. माळवं (भाजीपाला) नसलं तर येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-डाळींच्या पिठाची आमटी. तोंडी लावायला शेंगदाण्याची चटणी, कांदा. चार पदार्थ सणालाच. तिच्या हाताखाली सहा लेकरं वाढली आणि कुणी अर्धपोटी झोपलं नाही.

म्हणून आधी येसर करून ठेव. आमच्या घरचं प्रमाण असं: गहू 2 वाट्या, हरभऱ्याची डाळ 1 वाटी, उडदाची डाळ आणि तांदूळ अर्धी अर्धी वाटी, धने अर्धी वाटी, जिरे 2 चमचे, थोडे मिरे, लवंगा, दालचिनी. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर, तेल न घालता भाजायचा. गव्हाला वेळ लागतो, तिथे घाई करू नकोस. दाणा फुगून तडतडायला लागला आणि दाताखाली कुरकुरीत लागला की झालं. गार झाल्यावरच दळायचं. मिरची त्यात घालू नकोस, म्हणजे लेकराची वाटी आधी काढता येते.

आमटीला चौघांसाठी 3 मोठे चमचे येसर गार पाण्यात कालवून घे. गरम पाण्यात टाकलंस तर गुठळ्या होणारच. ठेचलेल्या लसणाची खमंग फोडणी, कढीपत्ता, हळद, चार वाट्या पाणी, मीठ. उकळी फुटली की कालवलेलं येसर ओतायचं आणि ढवळत राहायचं. पाच-सात मिनिटांत दाटपणा येतो, घरभर वास सुटतो. लेकराचं काढून घेतलं की उरलेल्यात काळा मसाला घालून आणखी एक उकळी.

भाकरीचं म्हणशील तर तिकडे मिळणारं ज्वारीचं पीठ बहुधा जुनं असतं. त्याची विरी (चिकटपणा) गेलेली असते, म्हणून भाकरी थापताना कडा फाटतात. पीठ उकळत्या पाण्यात भिजवून झाकून ठेव, मग मळ. तेही जमलं नाही तर भात लाव. आमटी-भात हे पुरतं जेवण आहे, त्याची लाज वाटू देऊ नकोस.

— लातूरची ताई

*

ताई, नमस्कार.

मी मूळचा नांदेडचा, आता तिथून दूर. सोमवार आणि गुरुवारचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. सोमवारी सुशीला ठरलेली: मुरमुरे भिजवून लगेच पिळायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीत परतायचे, वरून डाळव्याचं (फुटाण्याच्या डाळीचं) पीठ आणि कोथिंबीर. पंधरा मिनिटांत ताटल्या पुढ्यात. मुलगी शेंगदाणे मोजून घेते, बाबानं तिला कमी दिले का ते बघायला. गुरुवारी मुगाची खिचडी, सोबत दही. दोन दिवस नवऱ्याच्या हाती आले तरी घरचं बरंच ओझं उतरतं, हे परभणीच्या ताईंना आवर्जून सांगतो.

एक विचारायचं होतं. आम्ही राहतो तिथे गिरणी नाही. येसर मिक्सरवर होतं का?

*

होतं, दादा. थोडं थोडं फिरवा, भांडं गरम होऊ देऊ नका. मग बारीक चाळणीनं चाळायचं आणि वर उरलेला गव्हाचा रवा पुन्हा फिरवायचा. दळलेलं पीठ पसरून गार केल्याशिवाय बरणीत भरू नका, वाफ धरली की वास येतो. कोरडा चमचा वापरलात तर दोन-अडीच महिने सहज टिकतं.

— लातूरची ताई