कथकसाठी घरातली जमीन कशी करावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कोथरूडला दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटचं काम काढलंय. बायको कथक करते आणि शिकवते, म्हणून हॉल या वेळी सोफा-टीव्हीसाठी नाही, तिच्या रियाजासाठी करायचा.

अडचण जमिनीची आहे. स्लॅबवर बसवलेल्या टाइल्स जराही दबत नाहीत. दोन्ही पायांत शंभर-शंभर घुंगरू बांधून तत्कार (पाय आपटून ताल धरणं) केला की सगळा दणका टाचेत आणि गुडघ्यात. रात्री ती गुडघ्यांना तेल चोळत बसते, ते बघवत नाही. शिवाय खाली वयस्कर जोडपं राहतं, त्यांनाही त्रास नको.

सुतार म्हणतो, रबरी पॅडवर लाकडी पट्ट्यांची जाळी करू, वर प्लाय ठोकू. जमीन तीनेक इंच वर येईल, दारं खालून कापावी लागतील, ते चालेल. पण पावसाळ्यात लाकूड फुगेल, तर भिंतीकडेने फट किती ठेवायची? वर सागवान घालावं का? अनवाणी पायाला कुसळ लागायला नको, आणि चक्कर घेताना पाय अडकायला नको, घसरायलाही नको. मुख्य भीती ही की रबराने पायाचा आवाजच दबला तर? कथकात पाय बोलतात.

कुणी घरी अशी जमीन केली असेल तर प्लीज सांगा. चालणार असेल तर आम्ही दोघं येऊन बघून जाऊ.