अनुभव धागा: शाळेत लिहिलेलं बाईंशिवाय कोणी वाचलं होतं का?

रानफूल: काल माळ्यावरून चवथीची (गणेशचतुर्थीची) भांडी काढताना आमच्या तिसरीच्या भित्तिपत्रकाचा कागद सापडला, खळीने चिकटवलेला, कडा झुरळांनी खाल्लेल्या. गोव्यातली, डिचोलीकडची प्राथमिक शाळा, दोनच खोल्या. निबंध म्हटला की माझी चौथी ओळ यायची नाही. बाईंनी 'माटोळीला (गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीला) काय काय बांधलं' एवढंच लिहायला लावलं आणि व्हरांड्यात चिकटवलं. दुसऱ्या दिवशी नारळ पाडायला आलेला पाडेली ते वाचत उभा! म्हणतो, "कांगलां आसात, आंबाडे खंय?" म्हणजे कांगलांची रानफळं आहेत, आंबाडे कुठे? घरी जाऊन आणखी पानभर लिहिलं. आता भाचीच्या वर्गाचा ब्लॉग आहे म्हणून विचारतेय, सांगा तुमचंही.

सांजवात: आमच्याकडे लाल पेन. आवय खोडून आई, पावस खोडून पाऊस. घरी कोंकणी, वहीत मराठी, मधल्यामधे हात थांबला तो थांबलाच.

जुनामास्तर: खोडणाऱ्यांतला मीपण होतो हो. काणकोणात असताना एका पोराने दिवाळीला केलेल्या नरकासुराच्या पुतळ्यावर लिहिलं, सतरा चुका. कंटाळून म्हटलं वाच मोठ्याने. बाकीची पोरं विचारत सुटलीच, हात कशाचे केले, वर्गणी किती जमली, पाऊस आला तर काय केलंत. दुसऱ्या दिवशी न सांगता सगळी उत्तरं लिहून आणली. त्यानंतर पहिल्या खेपेला पेनच उघडलं नाही, चुका मागाहून.

बबल्याची आई: आमच्या वर्गाच्या ब्लॉगवर बबल्या फोनवर बोलून लिहितो, कांगलांचं कांगारू झालं 😂 माटोळीला कांगारू! दुबईहून मामाची कमेंट, पुढच्या वर्षी दोन बांधा. आता रोज शाळेतून आला की आधी कमेंट बघतो, मग चहा. टोपणनावाने लिहितात, कमेंट आधी बाई वाचतात मगच दिसते, ते बरं आहे.

खडीसाखर: आमचा दोन महिने चालला. बाईंची बदली झाली, शेवटची पोस्ट १५ ऑगस्टची, तशीच लटकलीय. लेक विचारते आता कोण वाचणार. आजोबांना दिलंय वाचायला, ते चष्मा शोधतायत.

तांबडीमाती: आजोबांवरून आठवलं, आमचे गोवामुक्तीनंतर मोठेपणी लिहायला शिकले. १९६२ला दैनिक 'गोमन्तक' निघाला, पुढे कधीतरी त्यात त्यांचं पत्र छापून आलं, पाच ओळींचं. कात्रण अजून देव्हाऱ्यात आहे आणि मुलांपेक्षा त्याचंच कौतुक जास्त, आजी चिडायची.

पेडण्याचो: कांगलां म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतील काय गो?

रानफूल: शुक्रवारची वाट बघू नको रे, चवथीच्या आधी माटोळीचा बाजार भरतोच. सकाळी लवकर जा.

पेडण्याचो: बरं. बबल्याच्या आईला काय आणू, कांगारू?