उठावचित्र की स्पर्शचित्र?

लातूरहून:
अंध मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकासाठी मी आकृत्या काढते. इंकस्केप या संगणकावर चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये रेघा आखायच्या, खास फुगणाऱ्या कागदावर काळ्या शाईत छापायच्या आणि तो कागद तापवायच्या यंत्रातून काढायचा. काळी रेघ उष्णता जास्त ओढते, म्हणून तेवढीच फुगते आणि बोटाला लागते. आम्ही आपसात या चित्राला नुसतं 'टॅक्टाइल' म्हणतो. पुस्तकाच्या पहिल्या पानावर मात्र मराठी शब्दच हवा. मला 'उठावचित्र' भावतो. १८५७चा उठाव, 'सोयाबीनला उठाव नाही', उठावदार रंग... शब्द रोज तोंडात असतो. 'स्पर्शचित्र' जरा पुस्तकी वाटतो. तुम्हाला काय वाटतं?

नांदेडहून:
उठावचित्रच ठेवा. वेरूळच्या मूर्तींना आपण उठावशिल्प म्हणतोच. त्याचाच धाकटा भाऊ.

छत्रपती संभाजीनगरहून:
वेरूळचा दाखला इथं चालणार नाही. कैलास लेण्यात रावण पर्वत हलवतो, तिथं दगडातला उठाव अंगाची खरी गोलाई दाखवतो. खांदा पुढं, पाठ मागं. तुमच्या कागदावरच्या रेघा सगळ्या सारख्याच उंच असणार ना?

लातूरहून:
हो, सारख्याच. आणि याच मुद्द्यावर माझा पहिला नकाशा फसला. भूगोलात 'उठाव' म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा. उठावाच्या नकाशात बालाघाट वर, गोदावरीचं खोरं खाली. मी मराठवाड्याचा नकाशा केला त्यात गोदावरीच वर आली, डोंगर काढलेच नव्हते. वर 'उठावाचा नकाशा' असं ब्रेलमध्ये लिहिलं होतं. सातवीतल्या मुलीनं पैठणपासून नांदेडपर्यंत बोट फिरवलं आणि विचारलं, "नदी बांधावरून वाहती का?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. शब्दानं तिला उंची सांगितली आणि मी उंची दाखवत नव्हते. इथं वर येणं म्हणजे फक्त 'इथं काहीतरी आहे' एवढंच.

दुसरी चूक माझ्या रेघांची. जालना आणि बीडची हद्द बऱ्याच अंतरापर्यंत गोदावरीच आहे. डोळ्याला नदीची निळी रेघ आणि हद्दीची तुटक रेघ लगटून चाललेली कळते. बोटाला दोन रेघांत निदान ३ मिलिमीटर मोकळी जागा लागते, नाहीतर सगळा एकच खडबडीत पट्टा. शेवटी हद्दींचा नकाशा वेगळ्या पानावर नेला. जिल्ह्यांची नावंही आखडली, कारण ब्रेलचं अक्षर लहान करता येत नाही. 'छत्रपती संभाजीनगर' जालन्याच्या अंगावर चढत होतं. आता नकाशावर दोन-दोन अक्षरं, पूर्ण नावं सूचीत.

परभणीहून:
मी जन्मापासून अंध आहे, ब्रेल वाचतो. माझं मत 'स्पर्शनकाशा', 'स्पर्शचित्र'. पुस्तकी वाटला तरी तो खोटं सांगत नाही. 'उठाव' कागदाचं वर्णन करतो, 'स्पर्श' वाचणाऱ्याचं काम सांगतो.

एक विनंती. सूचनेत 'चाचपून बघा' लिहू नका. चाचपणं वाईट नाही, पण त्याला लगेच 'अंधारात चाचपडणं' चिकटतं. आम्ही चाचपडत नाही, दोन्ही हातांनी नीट वाचतो. एक हात खुणेवर थांबतो, दुसरा पुढं जातो.

नांदेडहून:
मग 'आकृती पाहा' हेही बदलायचं का?

परभणीहून:
नको. मराठीत आपण चाखून पाहतो, हाक मारून पाहतो. मीसुद्धा 'काल मॅच पाहिली' म्हणतो.

छत्रपती संभाजीनगरहून:
'चाखून पाहणं' यात पाहणं म्हणजे प्रयत्न करणं, नजर नव्हे. मॅचचा दाखला जास्त पक्का आहे. ठेवा 'पाहा'.

लातूरहून:
पटलं. मथळा 'गोदावरी खोरे : स्पर्शनकाशा', सूचना 'आकृती पाहा'. सूचीत 'निळा : पाणी' होतं, तिथं आता पोत लिहायचाय. जायकवाडीच्या जलाशयात बारीक ठिपके भरलेत. त्याला 'खरखरीत' म्हणू की 'रवाळ'?

परभणीहून:
रवाळ. खरखरीत म्हटलं की मला पॉलिशपेपर आठवतो, पाणी नाही.