जीवाश्मांवरून ‘कालमापन’ की ‘कालनिश्चिती’?

विचारणा (दादर): कच्छमधील इओसीन या भूशास्त्रीय कालखंडातल्या चुनखडकांविषयीच्या लेखाचा अनुवाद करताना मी ‘जीवाश्मांवरून कालमापन’ असे लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘कालनिर्णय’ केले. मुंबईकर वाचकाला त्यावरून स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची दिनदर्शिकाच आठवेल, अशी मला धास्ती आहे. आपण कोणता शब्द वापराल?

उत्तर (विलेपार्ले): ‘मापन’ खोडले ते योग्यच झाले. मापन म्हटले की एकक आणि आकडा आला. जीवाश्म मात्र थरांचा क्रम सांगतात. खुल्या समुद्रात तरंगणाऱ्या ज्या फोरॅमिनिफेरांवरून (कवचधारी एकपेशीय जीवांवरून) एरवी काळ ठरवतात, ते उथळ पाण्यात साचलेल्या चुनखडकात क्वचितच आढळत असल्यामुळे तिथे तळाशी राहणाऱ्या न्युम्युलाइट, अल्व्हिओलिना यांसारख्या मोठ्या आकाराच्या फोरॅमिनिफेरांवर विसंबावे लागते. न्युम्युलाइटांच्या काही वंशांमध्ये कवचाचा पहिला कोष्ठ (कप्पा) काळानुसार मोठा होत गेलेला दिसतो, म्हणून कवच मधोमध कापून त्या कोष्ठाचा व्यास मोजतात. अशा निरीक्षणांच्या आधारे १९९८ साली पॅलिओसीन (इओसीनच्या आधीचा कालखंड) आणि इओसीन मिळून २० विभाग मांडले गेले. मी ‘कालनिश्चिती’ लिहीन.

दादर: पण व्यास मोजतातच, मग ‘मापन’ का नको?

विलेपार्ले: मोजला जातो तो कोष्ठ. थर कितव्या विभागातला, एवढेच त्यावरून ठरते. इओसीन सुमारे ५ कोटी ६० लाख ते ३ कोटी ३९ लाख वर्षांपूर्वीचा, हे आकडे किरणोत्सारी खनिजांच्या वयाशी सांगड घातल्यावर मिळतात. तिथे ‘कालमापन’ खुशाल वापरावे. (‘चुनखडी’ऐवजी आपण ‘चुनखडक’ लिहिलेत, हे फार बरे केलेत.)

आणखी एक उत्तर (गिरगाव): ‘निर्देशक जीवाश्म’ (ज्यावरून थराचा काळ ओळखता येतो तो) ही संज्ञाही जपून वापरावी. फोर्टमधल्या जुन्या इमारतींना लावलेल्या पोरबंदरी दगडाला मिलिओलाइट म्हणतात, कारण त्यात मिलिओलिड या फोरॅमिनिफेरांच्याच एका गटाची कवचे असतात. त्या नावाच्या मुळाशी बारीक भरड धान्याचा लॅटिन शब्द आहे. परंतु मिलिओलिड कोट्यवधी वर्षांपूर्वीही होते आणि आजही समुद्रात आहेत, त्यामुळे निव्वळ ते सापडले म्हणून दगडाचा काळ ठरत नाही. ते जीवाश्म खरे, पण निर्देशक नव्हेत. जो थोडाच काळ जगला, दूरवर पसरला आणि चटकन ओळखता येतो, त्यालाच ते विशेषण शोभते.