मोंढ्यात सापडलेलं टेरियरचं पिल्लू, घरात ठेवावं का शेतातल्या आखाड्यावर पाठवावं?

परभणीची_सून

नमस्कार सगळ्यांना. घरात कुत्रं पाळायची आमची पहिलीच वेळ आहे त्यामुळं जरा सविस्तर लिहिते. तीन आठवड्यांमागं आमचे हे मोंढ्यात हरभरा घालायला गेले होते, तिथं एका आडत दुकानाच्या मागं पोत्यांच्या थप्पीखाली हे पिल्लू कण्हत पडलेलं, हमाल म्हणाले रात्री कुणीतरी गाडीतून सोडून गेलं, दोन दिवसांपासून इथंच आहे. बरगड्या मोजता येत होत्या आणि कानात गोचीड भरलेले. ह्यांना राहवलं नाही, बारदान्यात गुंडाळून घरी आणलं. हरभऱ्याच्या दिवशी आलं म्हणून लेकरांनी नाव ठेवलं फुटाणा.

डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले टेरियर आहे, फॉक्स टेरियर नाहीतर जॅक रसेलची क्रॉस असंल, तेव्हा दोन महिन्यांचा होता. पांढरा रंग, अर्धं तोंड तपकिरी, एक कान उभा आणि एक दुमडलेला, शेपूट कुणीतरी आधीच कापलेली. जंताचं औषध झालं, पहिली लस झाली.

आता अडचण अशी की पहिले आठ दिवस गरीब होता आणि आता अंगात नुसतं वारं भरल्यासारखं करायलाय. पळणाऱ्या लेकरांच्या घोट्याला लागतो. कूलरची जाळी ओढून सगळं गवत बाहेर काढलं. परवा तुळशीच्या कट्ट्याशेजारी एवढं खोल बीळ केलं की आख्खा आत आणि मागचे दोन पाय तेवढे बाहेर, माती अशी उडवायला की दारातली रांगोळी बुजून गेली. सासूबाईंनी ताटलीला हात लावला तर गुरगुरला. रात्री दोनला रडायला लागतो. आणि मुतायला देवघराचीच वसरी दिसते त्याला.

सासरे म्हणायलेत की ही जात घरातली नाही, आखाड्यावर नेऊन सोडा, सालगडी बघील. मोठा नऊ वर्षांचा आहे तो ऐकून जेवलाच नाही. धाकटी चार वर्षांची, तिच्या घोट्याला परवा दात लागले, थोडं खरचटलं, हळद लावली, तरी ती त्याच्यामागंच असते. मला त्याला पाठवायचं मन होईना पण घरातल्या सगळ्यांचंही बघावं लागतं. ज्यांनी अशी जात पाळली त्यांनी सांगा, हे कमी होतं का, का असंच राहतं?

लातूर_माळवद

ताई, आमच्याकडं नऊ वर्षांपासून जॅक रसेल आहे त्यामुळं तुम्ही लिहिलेलं वाचून आमचे पहिले सहा महिने डोळ्यापुढं आले. पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, तो वाईट वागत नाहीये, त्याला ज्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलं तेच तो करायलाय. टेरियर हा शब्दच टेरा म्हणजे जमीन ह्या लॅटिन शब्दावरून आला. जमिनीत घुसून कोल्हा बाहेर काढायचा, घुशी-उंदीर मारायचे, ह्यासाठी ही कुत्री तयार केली. जॅक रसेलचं नाव तर इंग्लंडात डेव्हन भागातल्या जॉन रसेल नावाच्या पाद्र्यावरून पडलं, 19व्या शतकातला माणूस, त्याला कोल्ह्याच्या शिकारीसाठी बिळात जाणारं लहान कुत्रं पाहिजे होतं. आता असल्या लेकराला तुम्ही उकरू नको म्हणलं तर कसं जमायचं? उकरणं बंद करायच्या मागं लागू नका, जागा ठरवून द्या.

आम्ही काय केलं ते सांगतो. बांधकामावरचं एक फुटकं मोठं घमेलं होतं, त्याला ते पुरंना म्हणून मग अंगणाच्या कोपऱ्यात चार विटा लावून तीन बाय तीनचा वाळूचा चौक केला. त्यात रोज सकाळी भाकरीचे वाळलेले तुकडे, कधी उकडलेल्या अंड्याचा तुकडा पुरायचा, पहिल्या दिवशी त्याच्या डोळ्यादेखत आणि अगदी वरवर, मग रोज थोडं खोल. तुळशीपाशी उकरायला लागला की ओरडायचं नाही, उचलून चौकात आणून सोडायचं आणि तिथं उकरलं की शाब्बास म्हणायचं. आमच्याला समजायला पंधरा-वीस दिवस लागले. तुळशीच्या बुडाला तोवर दगड रचून ठेवा.

घोटे धरण्याचं असं की पळणारी वस्तू दिसली की ह्यांच्यानं राहवतच नाही. जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्यांची हातभर लांब जाड वेणी घाला, टोकाला गाठ मारा, आणि लेकरांना सांगा की पळायच्या आधी वेणी जमिनीवर सरपटवायची, म्हणजे दात वेणीत जातील. दात कातडीला लागला की खेळ तिथंच बंद, सगळ्यांनी झाडासारखं उभं राहायचं, तोंड फिरवायचं, अर्ध्या मिनिटानं परत. किंचाळत पळालं की त्याला वाटतं खेळ लई रंगलाय. घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळला तर महिन्याभरात फरक पडतो, एकानं हसून चावू दिलं की सगळं मुसळ केरात.

मुतायचं म्हणलं तर झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर, ह्या तीन वेळा न चुकता उचलून बाहेर न्या आणि बाहेर केलं की लगेच तोंडात काहीतरी द्या. ह्या वयात त्याच्यानं तीन-चार तासांच्या वर धरवत नाही, म्हणून रात्री एकदा तुम्हाला उठावंच लागेल. वसरीवरची जागा नुसती फिनाईलनं पुसू नका, व्हिनेगर घातलेल्या पाण्यानं पुसा, वास राहिला की परत तिथंच जातो. रात्री रडतो कारण एकटा आहे, खोकं तुमच्या खाटेजवळ घ्या, हात खाली सोडला तरी गप होतो.

गोदाकाठ_नांदेड

एवढं कौतुक कशाला करायचं म्हणतो मी. आमच्या लहानपणी कुत्र्याला दूध-भाकर घालायची आन् दावणीला बांधायचं, सगळी नीट राहिली. गुरगुरला की वर्तमानपत्राची सुरळी करून एक द्यायची. सासरे म्हणतात ते बरोबर आहे, कुत्रं शेतातच शोभतं, मोकळं फिरंल, उंदीर मारंल.

उदगीर_जनावरांची_डॉक्टर

ताई, बाकी सगळं नंतर वाचा, आधी हे वाचा. मी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. तुमच्या मुलीला दात लागून खरचटलं आणि तुम्ही हळद लावली असं लिहिलंय. पिल्लाला रेबीजची लस झालेली नाही (ती तीन महिन्यांचा झाल्यावर देतात), आई कोण, मोंढ्यात त्याला आधी कोण चावलं, काहीच माहीत नाही. लहान पिल्लातसुद्धा रेबीज असू शकतो. म्हणून मुलीला आजच सरकारी दवाखान्यात घेऊन जा, तिथं लस मोफत असते. नुसतं खरचटलं असंल तर लस, आणि रक्त आलं असंल तर लसीसोबत जखमेत द्यायचं सीरमही लागतं, ते डॉक्टर बघून ठरवतील. ठरलेल्या तारखांचे डोस चुकवू नका. इथून पुढं कधीही दात लागला की वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची, हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. पिल्लावर दहा दिवस बारीक लक्ष ठेवा. घाबरायचं कारण नाही, बहुतेक काही नसतंच, पण हा आजार एकदा सुरू झाला की त्याला औषध नाही म्हणून ह्यात अंदाजावर जायचं नसतं.

गेलात की इथं कळवा, मग बाकीचं लिहिते.

परभणीची_सून

वाचलं आणि हातपायच गळाले. लगेच गेलो दवाखान्यात. रक्त आलं नव्हतं, कातडी खरचटली होती, त्यांनी पहिली लस दिली आणि पुढच्या तारखांचं कार्ड दिलं. मोठ्याच्याही पोटरीवर ओरखडा निघाला, त्यानं सांगितलंच नव्हतं, का तर फुटाण्याला पाठवून देतील म्हणून. त्यालाही दिली. तुमचे उपकार कसे मानू कळंना.

उदगीर_जनावरांची_डॉक्टर

लई बरं केलंत. मुलाला एकदा जवळ घेऊन सांगा की चावल्याचं सांगितलं म्हणून पिल्लू कुठं जाणार नाही, नाहीतर तो पुढंही लपवंल आणि ते जास्त धोक्याचं आहे.

आता पिल्लाचं. पहिल्या लसीनंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस, सोळा आठवड्यांचा होईपर्यंत. तोवर रस्त्यावर, मोंढ्यात, दुसऱ्या कुत्र्यांच्या जागी खाली सोडायचं नाही कारण पार्व्हो ह्या पिल्लांच्या जीवघेण्या हगवणीच्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. पण घरातच कोंडूनही ठेवू नका, कडेवर घेऊन दारात उभं राहा, रिक्षा, भाजीवाला, कुकरची शिट्टी, काठी टेकत चालणारं म्हातारं माणूस, हे सगळं ह्याच वयात बघितलं पाहिजे, पुढं जाऊन ज्याची सवय नाही त्याच्यावर भुंकतो. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसाला, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला.

टेरियर आहे म्हणून एक वेगळं सांगते. हा उंदीर धरणारच. उंदराच्या मुतातून लेप्टो नावाचा आजार होतो, लसीत लेप्टो आहे का ते डॉक्टरांना विचारा. आणि घरात, शेजारी, धान्याच्या खोलीत उंदराचं औषध कुठं टाकलंय ते आजच बघा, औषध खाल्लेला उंदीर ह्यानं खाल्ला तरी विषबाधा होते. आखाड्यावर पाठवायला माझा विरोध आहे तो ह्याच्यासाठीच, तिथं झिंक फॉस्फाईड हे उंदराचं विष असतं, कापसावरच्या फवारणीचे डबे पडलेले असतात, आणि ही जात साप दिसला तर मागं सरकत नाही. साडेतीन-चार किलोच्या पिल्लाला तिथं कोण बघणार?

काका, तुमच्यावर राग नाही, पण वर्तमानपत्राची सुरळी नका सुचवू. गुरगुरणं म्हणजे तो सांगायलाय की मला भीती वाटते. मारून गुरगुर बंद होते, भीती तशीच राहते, मग पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो. दोन दिवस पोत्याखाली उपाशी काढलेलं लेकरू आहे ते, ताटली जाईल असं वाटणारच. आणि नुसतं दूध-भाकर नको, दुधानं बऱ्याच पिल्लांना हगवण लागते. भाकरी चालंल पण सोबत अंडं, बिनहाडाची शिजवलेली कोंबडी, बिनतिखटमिठाची. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं अजिबात नाही.

बीडची_माय

मी सासू आहे म्हणून सासूबाईंच्या बाजूनं लिहिते. माझ्याही घरी लेकानं कुत्रं आणलं तेव्हा मी महिनाभर बोलले नव्हते. माझं दुखणं कुत्र्याचं नव्हतं, मला कुणी विचारलंच नाही ह्याचं होतं. बाई, तू आधी सासूबाईंना विचार की त्यानं कुठपर्यंत यायचं. देवघर आणि स्वयंपाकघराला लाकडी फळी आडवी लावून घ्या, त्यांची जागा त्यांना राहू द्या. मग जेवणाची ताटली त्यांच्याच हातानं द्यायला सांग. ताटली काढायची नाही, तो खात असताना जवळून जाताना वरून अंड्याचा एक तुकडा टाकायचा आणि निघून जायचं, आधी चार हातांवरून, मग हळूहळू जवळून. त्याला कळतं ह्या बाईचा हात आला की वाढतं, कमी होत नाही. आमचं कुत्रं आज माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही.

हौदावर झाकण आहे का? पाणी आठ-आठ दिवसांनी येतं म्हणून सगळ्यांचे हौद भरलेले, आमच्या गल्लीत एक पिल्लू त्यातच गेलं. आणि चैत्र लागल्यावर सकाळी सातच्या आत आणि दिवस बुडाल्यावरच बाहेर काढा. फरशीवर पालथा हात टेकवून बघा, पाच-सहा अंक मोजेपर्यंत आपल्याला सोसंना तर त्याच्या तळव्याला कसं सोसंल.

गोदाकाठ_नांदेड

डॉक्टरीणबाई, तुमचं पटलं. खरं सांगायचं तर माझ्या आखाड्यावरचं चांगलं चार वर्षांचं कुत्रं मागच्या पावसाळ्यात फवारणीच्या बादलीतलं पाणी पिऊन गेलं, मी लिहिताना ते लिहिलंच नाही. ताई, नका पाठवू.

परभणीची_सून

पाच आठवड्यांनी लिहायलेय. दहा दिवस फुटाणा ठणठणीत होता, लेकरांचे डोस झाले, त्याची रेबीजची लसही झाली. वाळूचा चौक सासऱ्यांनीच विटा आणून केला, आता रोज सकाळी चहाच्या आधी तेच भाकरीचे तुकडे पुरतात आणि फुटाण्याला कळू नये म्हणून वरून झाडूचा हात फिरवतात. तुळशीकडं तो जातो अजून, दगड हुंगतो, परत येतो. सासूबाईंच्या हातून खाताना गुरगुरत नाही, माझ्या हातून कधीकधी गुरगुरतो, ते चालूच आहे. रात्रीचं रडणं बंद झालं. घोटे धरणं निम्म्यावर आलंय, धाकटी आता त्यानं धरलं की दोन्ही हात वर करून "मी झाड" म्हणत उभी राहते.

काल वेणीवर रक्ताचा ठिपका दिसला, मी घाबरले, नीट बघितलं तर गाठीत तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा दात अडकलेला. डॉक्टर म्हणाले दुधाचे अठ्ठावीस दात असेच पडतील आणि बेचाळीस पक्के येतील, सहा-सात महिन्यांचा होईपर्यंत चावायला काहीतरी देत राहा. दात धाकटीनं आगपेटीत ठेवलाय. मोठा म्हणतो आपल्या दातासारखा पत्र्यावर फेकू, सासूबाई म्हणतात तुळशीत पुरा, पण तुळशीत पुरला तर हा पहिला तोच उकरून काढणार.