गणपतीत रेंज फुल, नेट गुल: नवा टॉवर हवा की आहे तो स्पेक्ट्रम नीट वापरायचा?

खाडीकाठचा: दर चतुर्थीला तेच. चाकरमानी उतरले की फोनवर चार कांड्या, पण आरतीचा फोटो काही जात नाही. यंदाही ग्रामसभेत ‘नवा टॉवर द्या’ असा ठराव येणार. माझा त्याला विरोध आहे. कांड्या दिसतात म्हणजे सिग्नल पोचतोय, कमी पडते ती क्षमता. कंपनीला स्पेक्ट्रम, म्हणजे फोनच्या लहरी वापरायचा हक्क, गावापुरता नाही, अख्ख्या सर्कलचा (दूरसंचार विभागाचा) मिळतो. पुण्यात जो बँड (लहरींचा पट्टा) वापरायचा हक्क, तोच गुहागरातही. तरी आमच्या टॉवरवर सगळे फोन एकाच बँडवर लटकलेले. आधी हातातली पडीक जमीन कसायला घ्या, मग नवी मागा.

जांभ्याचं घर: वरचे, म्हणजे जास्त मेगाहर्ट्झचे बँड तुमच्या खाडीकाठी ठीक. आमची वाडी डोंगराच्या कुशीत, भिंती दीड फुटी जांभ्याच्या. २३०० मेगाहर्ट्झ ओटीवरच दम तोडतो. आम्हाला ७००-९०० वालाच आत येतो. टॉवर हवाच.

खाडीकाठचा: अहो, तुमच्याचसाठी बोलतोय. खालचा बँड लांब जातो, पण त्याची रुंदी कमी. दहा वाड्यांना मिळून एकच एसटी! टॉवरखालच्या बाजारपेठेतला माणूसही त्याच एसटीत बसलाय. त्याला २३०० वर उतरवा, तुम्हाला बसायला जागा होईल.

माजी टॉवरवाला: हे बरोबर. शिवाय दोनाऐवजी चार अँटेना लावल्या, तर त्याच बँडमधून एकाच वेळी डेटाचे जास्त प्रवाह सोडता येतात. क्वाम म्हणजे लहरीवर डेटा चढवायची पद्धत: ६४ क्वाममध्ये लहरीच्या एका ठोक्याला ६ बिट जातात, २५६ मध्ये ८. मात्र २५६ ला सिग्नल स्वच्छ लागतो, डोंगराआड तो मिळत नाही. पण खरी गोम पाठीमागे, टॉवरलाच नेट पुरवणाऱ्या जोडणीत आहे. आमच्याकडचे कितीतरी टॉवर एकमेकांना डिशने जोडलेले. पाऊस फोनच्या लहरींना फारसा अडवत नाही, त्या डिशच्या लहरींना मात्र झोडपतो. टाकीतच पाणी नाही आणि तुम्ही नळ बदलताय. फायबर मागा.

मालवणी खाजा: आमच्याकडे फायबर पण इला. लाईट गेली काय टॉवरची बॅटरी दोन तासांत झोपता. मगे तुमचो स्पेक्ट्रम काय चाटूचो?

खाडीकाठचा: 😄 मान्य. पण २०२३ च्या दूरसंचार कायद्याचं कलम ७ वाचा. सबळ कारणाशिवाय न वापरलेला स्पेक्ट्रम सरकार काढून घेऊ शकतं. म्हणजे कसायचा नसेल तर सोडा.

जांभ्याचं घर: कूळकायदाच म्हणा की! पण पुण्यात वापरलाय म्हटलं की कंपनी सुटली. गावागावात वापर मोजणार कोण? कागदावरच्या कलमाने माझ्या माजघरात रेंज येत नाही.

खाडीकाठचा: ही अडचण खरी आहे, उत्तर नाही माझ्याकडे. म्हणून ठरावात टॉवरच्या आधी एवढंच घालू: आमच्या टॉवरवर कोणते बँड चालू आहेत आणि मागची जोडणी किती क्षमतेची, ते लेखी कळवा.

मालवणी खाजा: बॅटरीचा पण लिव.